घोड्याची चंदी, घरचे माडगे

'सूप' म्हटले की माझ्या वयाच्या माणसाच्या डोळ्यांपुढे आधी धान्य पाखडायचे सूप येते आणि मग मंगल कार्यालयात जेवणाआधी कपातून फिरवतात ते टोमॅटोचे लालभडक पाणी. तिसरे एक सूप होते, ते आपण विसरून गेलो. संस्कृतात सूप म्हणजे शिजवलेल्या कडधान्याचा दाट रस. स्वयंपाक्याला सूपकार म्हणत आणि पाकशास्त्राला सूपशास्त्र. रामचंद्र सखाराम गुप्ते यांनी १८७५ साली पाककृतींचे मराठी पुस्तक छापले, त्याचे नावच 'सूपशास्त्र' आहे. इंग्रजी 'सूप'चे या शब्दाशी काही नाते नाही. तो शब्द युरोपात रश्शात बुडवलेल्या पावाच्या तुकड्यावरून आला. दोन दूरच्या मुलखांत दोन शब्द सारखे निघाले, एवढेच.

पण सूप ही वस्तूच आपल्याकडे साहेबाने आणली, असे जे सर्रास समजले जाते ते मला पटत नाही. थंडीच्या दिवसांत, कामाच्या वारी, संध्याकाळी दमून आल्यावर घरातल्या पाच-सहा माणसांना एका पातेल्यात, अर्ध्या तासात, दाट, मऊ आणि पोटात ऊब धरणारे काहीतरी करून वाढायचे, ही गरज नगर जिल्ह्यातल्या बाईला कोणी शिकवलेली नाही. तिचे उत्तर होते हुलग्याचे माडगे. कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात तोच देशावरचा हुलगा. तो भाजून दळायचा, पीठ पाण्यात कालवायचे आणि लसणाच्या फोडणीवर शिजवायचे. तपकिरी रंगाचे, पळीला धरून राहणारे जे तयार होते ते माडगे. त्याचा इतिहास आज सांगायचा आहे, आणि त्यासाठी नेवासे तालुका सोडून फार लांब जावे लागणार नाही.

नगरहून, म्हणजे आता २०२४ पासून अहिल्यानगरहून, संभाजीनगरच्या रस्त्याला लागले की घोडेगावला शनिशिंगणापूरचा फाटा फुटतो. हे घोडेगाव नाव लक्षात असू द्या, घोड्यांकडे आपल्याला पुढे वळायचे आहे. शिंगणापूर जगाला माहीत झाले ते दारे नसलेल्या घरांमुळे. चौकटीला पडदा, फार तर कुत्र्यामांजरांसाठी आडवी फळी, अशी तिथली जुनी रीत. २०११ साली युको बँकेने तिथे कुलपाविना शाखा उघडली तेव्हा देशभर बातम्या झाल्या. चोराचा बंदोबस्त शनिदेव करतात अशी गावाची श्रद्धा आहे. पण पौष-माघातल्या रात्री उघड्या माळावरून येणारा वारा पडद्याला जुमानत नाही. नगरचा पारा अशा दिवसांत कितीदा तरी दहा अंशांखाली उतरतो. अंगावर घोंगडी आणि पोटात काहीतरी कढत, एवढेच दोन उपाय.

शनीला तेल वाहतात आणि काळे उडीद वाहतात. त्या उडदाच्या डाळीचे घुटेही थंडीत आमच्याकडे होते, आणि नीट घोटलेले घुटे लोण्यासारखे मऊ लागते यात शंका नाही. नवग्रहांच्या धान्यांत हुलग्याचा मान मात्र केतूचा. शनीच्या गावात केतूचे धान्य शिजते, याचा कोणाला कधी त्रास झाल्याचे ऐकिवात नाही.

आता जरा मागे जाऊ. याच तालुक्यात, प्रवरेच्या काठी नेवाशाला, १९५४ पासून डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले. ज्ञानेश्वरीमुळे सर्वांच्या ओळखीचे असलेले हे गाव त्यांच्या कुदळीखाली तीन-साडेतीन हजार वर्षे मागे गेले. एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली आणि ती ओवलेला रेशमी-सुती धागाही मण्यांत टिकून होता. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावात १९५०-५१ साली जी लाल, काळ्या नक्षीची मडकी सापडली, तिच्यावरून त्या सगळ्या संस्कृतीला 'जोर्वे' हे नाव पडले. तोटीची भांडी आणि कड मोडलेले खोल वाडगे ही तिची खूण. मी ते वाडगे पाहतो तेव्हा मला पहिला प्रश्न पडतो तो असा, की यातून लोक ओरपत काय होते?

उत्तर शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या इनामगावात मिळाले. घोड नदीकाठच्या या जोर्वेकालीन वस्तीचे उत्खनन १९६८ ते १९८३ असे पंधरा वर्षे चालले. घरांतल्या चुली, धान्याच्या खळग्या, राख, जळके दाणे, सगळे निगुतीने चाळले गेले. जळलेला दाणा कुजत नाही. म्हणून कोणाच्या तरी हातून चुलीत सांडलेले मूठभर धान्य आज आपल्याला पुरावा म्हणून मिळते. डेक्कन कॉलेजचे वनस्पती-अवशेषांचे अभ्यासक काजळे यांनी ते दाणे ओळखले. त्यांत सातू होता, गहू होता, मसूर, लाख, वाल होते आणि हुलगा होता. म्हणजे ज्या काळात या भागात लोखंड रुळलेले नव्हते त्या काळात हुलगा इथल्या घरात होता. तो परदेशातून आलेलाही नाही. ज्वारी आणि बाजरी या दोघी मूळच्या आफ्रिकेच्या. हुलगा मात्र भारतातच रानातून शेतात आला, असे पुरावनस्पतीशास्त्रज्ञ आज मानतात. आपण ज्या भाकरीला अस्सल मराठी म्हणून मिरवतो, तिच्यापेक्षा माडग्यातले धान्य इथले अधिक अस्सल आहे.

ग्रंथांतही हुलगा जागोजाग भेटतो. पाणिनीने अष्टाध्यायीत कुलत्थ घालून केलेल्या पदार्थाला काय म्हणावे यासाठी वेगळा नियम केला. तो शब्द 'कौलत्थ'. व्याकरणकाराला नियम करावा लागतो, याचा अर्थ लोक तो शब्द रोज वापरत होते. कौटिल्य कुलत्थाला उशिरा पेरायच्या पिकांत बसवतो. पाली ग्रंथांत बुद्ध आपल्या तपश्चर्येच्या दिवसांची हकिकत सांगतात, तिथे ते ओंजळभर मुगाच्या, कुळथाच्या किंवा वाटाण्याच्या 'यूसा'वर कसे राहिले हे येते. यूस म्हणजेच संस्कृत यूष, कडधान्याचा रस. आयुर्वेदाने कुळथाचा यूष उष्ण म्हणून सांगितला आणि कफ, खोकला, उचकी यांवर दिला. शब्दांच्या खानदानाचीच गोष्ट निघाली आहे तर सांगतो, हा यूष आणि लॅटिनमधला रश्शाचा शब्द 'यूस' हे सख्खे भाऊ आहेत, आणि त्या लॅटिन शब्दावरून इंग्रजीत 'ज्यूस' आला. म्हणजे साहेबाचे सूप आपले नव्हे, पण त्याचा ज्यूस आपल्या यूषाचा नातलग!

मात्र यूष आणि माडगे यांत एक फरक आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. यूष म्हणजे दाणे उकळून काढलेला रस, आपल्या कढणासारखा. माडगे पिठाचे असते. बारीक पीठ पाण्यात शिजले की त्यातले पिष्ट फुगते, पाणी धरून ठेवते आणि सायीचा थेंबही न घालता सायीसारखा दाटपणा येतो. असे बारीक पीठ रोज, घरच्या घरी निघायला फिरते जाते लागते. जोर्वेच्या लोकांकडे होते ते पाट्यासारखे दगड, वर दुसरा दगड पुढेमागे रगडायचा. गोल फिरणारे जाते दख्खनमध्ये सातवाहन काळाच्या सुमारास, इसवी सनाच्या आगेमागे रुळले. म्हणून माझा तर्क असा, की हुलगा जुना, त्याचा रस जुना, पण ज्याला आपण माडगे म्हणतो तो दाट, मऊ पदार्थ जात्याच्या नंतरचा असावा. म्हणजे तरी दोन हजार वर्षे झाली. आणि ती दोन हजार वर्षे पहाटेच्या अंधारात जात्याचा खुंटा धरून बसलेल्या बायकांच्या खांद्यांवरून गेलेली आहेत. झटपट होणारा पदार्थ असे आपण म्हणतो, तेव्हा दळणाचे हे तास आपण हिशेबात धरत नाही.

आता घोडे. हुलग्याचे इंग्रजी नाव 'हॉर्स ग्रॅम'. धान्याला पोर्तुगीज 'ग्रांव' म्हणत, त्यावरून 'ग्रॅम' झाले. उत्तरेत साहेबाच्या घोड्याला हरभरा मिळे, दक्षिणेत कुळीथ. तो उकडून, निववून घोड्यापुढे ठेवत. ज्याने हे धान्य तबेल्यात पाहिले त्याने त्याला तबेल्याचे नाव दिले. मराठीत घोड्याच्या दाण्याला 'चंदी' असा खास शब्द आहे, आणि घोडदळाच्या मुलखात चंदी हा चेष्टेचा विषय नव्हता. चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणा-वैरण जपून वापरली नाही तर घोडी मरतील, आणि मग तुमचे लोक कुणब्याच्या घरात शिरून त्याचे धान्य, भाकर, गवत नेतील, असा त्याचा आशय. घोड्याची चंदी आणि कुणब्याचे ताट एकाच शेतातून भरत होते, हे त्या पत्रातून स्वच्छ दिसते. नगर तर निजामशाहीपासून फौजांचे ठाणे. पुढे घोडे गेले आणि रणगाडे आले; चिलखती दलाचे केंद्र इथे १९४८ सालचे आहे. हुलग्याला चिकटलेले घोड्याचे नाव तेवढे सुटले नाही.

आंध्र-तेलंगणात याच धान्याला 'उलवलु' म्हणतात. जनावरांसाठी हुलगे उकडायचे आणि उरलेले पाणी आटवून, चिंच-फोडणी देऊन माणसांनी खायचे, असा तिथल्या 'उलवचारू'चा जन्म सांगतात. आज हैदराबाद-विजयवाड्याच्या चांगल्या हॉटेलांत त्यावर सायीचा गोळा सोडून ते ऐटीत वाढले जाते. तिथे कोणाला गोठ्याची आठवण काढून लाज वाटत नाही. आपल्याकडे वाटली. पाहुण्याची चाहूल लागली की माडग्याचे पातेले झाकून बेसनाचे पिठले टाकायचे, ही रीत मी अनेक घरांत पाहिली आहे.

या लाजेचे मूळ दुष्काळात आहे, असे मला वाटते. गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' छापले गेले त्या १८७५ सालीच पुणे आणि नगर जिल्ह्यांतले कुणबी सावकारांची कर्जखते जाळत होते. दंग्याची सुरुवात झाली त्या गावाचे नाव सुपे, हा आणखी एक योगायोग. पुढच्याच वर्षी पाऊस फसला. १८७६ ते १८७८ च्या त्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम धान्य पुरेल असा हिशेब मांडला होता. अशा वर्षांत बाजरी करपते. हुलगा हलक्या मुरमाड जमिनीत, एखाद-दुसऱ्या सरीवर, शंभरएक दिवसांत काहीतरी पदरात टाकतो. मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीलाही थोडे देऊन जातो. कणगीच्या तळाशी शेवटी उरते ते हेच धान्य. जे वाईट दिवसांत साथ देते, त्याचे तोंड चांगल्या दिवसांत बघावेसे वाटत नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या माणसांपुढे सुकडी आली, रेशनवर अमेरिकेची तांबडी 'मिलो' आली. त्या पिढीतली माणसे आजही मिलोचे नाव काढले की तोंड वाकडे करतात, आणि त्याच दमात हुलग्याचेही नाव घेतात. हा हुलग्यावर अन्याय आहे. मिलो बोटीने आली होती, हुलगा घरचा होता.

आणि मग पाणी आले. सत्तरच्या दशकात राहुरीजवळ मुळा धरण झाले, सव्वीस टीएमसीचे. उजव्या कालव्याने पाणी नेवाशाच्या शिवारात शिरले. शिंगणापूरच्या जवळच सोनईला मुळा साखर कारखाना, तिकडे भेंड्याला ज्ञानेश्वर कारखाना. ज्या रानात बाजरीच्या पाट्यांमधून हुलगा मटकीबरोबर टाकला जाई, तिथे ऊस उभा राहिला. पाण्याने लोकांचे भले झाले, पक्की घरे झाली, मुले शिकली. त्याबद्दल कोरडवाहू काळाची हळहळ करत बसणे मला ढोंगीपणाचे वाटते. मात्र उसाच्या रानात हुलगा येत नाही आणि ज्याला पैसे मिळत नाहीत त्याला कोणी जागा देत नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशींत हुलग्याचे 'सीना' आणि 'माण' हे वाण आहेत. दोन्ही नावे अवर्षणाच्या मुलखातल्या नद्यांची. तिकडेच, पाथर्डी, जामखेड, आष्टी, माण या पट्ट्यांत हुलगा टिकला.

माडगे करायची रीत आता सांगतोच, नाहीतर हे सगळे ऐकून उपाशी उठल्यासारखे होईल. हुलगे निवडून, पाखडून मंद आचेवर खमंग भाजायचे, भरडून साल पाखडून टाकायचे आणि मग बारीक दळायचे. हे पीठ डब्यात महिना-दोन महिने राहते. थंडीच्या तोंडाला एकदा केले की रोजचे काम हलके होते. पाच माणसांना एक वाटी पीठ पुरते. ते आधी गार पाण्यात किंवा पातळ ताकात कालवायचे; गरम पाण्यात टाकले तर गुठळ्या झाल्याच समजा. तेलात जिरे-मोहरी, दहा-बारा ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या लालसर होईपर्यंत, मग हळद, तिखट, पाच-सहा वाट्या पाणी. पाण्याला आधण आले की कालवलेले पीठ धार धरून सोडायचे आणि हात थांबवायचा नाही. दोन चमचे शेंगदाण्याचे कूट घातले तर दाटपणाला गोडवा येतो. बारा-पंधरा मिनिटे रटरटू द्यावे, कच्चट वास गेला पाहिजे. बाजरीची भाकरी कुस्करून वर हे ओतायचे. पोरांना तिखट लागले तर वर लोण्याचा गोळा.

गोड माडगेही असते. गूळ, सुंठ आणि शेवटी दूध. गुळाने दूध फाटते म्हणून पातेले उतरवून जरा निवाल्यावरच दूध घालतात. चरकसंहितेने दुधाबरोबर कुळीथ हा विरुद्ध आहार ठरवला आहे. सर्दीने नाक गळणाऱ्या नातवापुढे वाटी ठेवणाऱ्या आजीने ते कधी मनावर घेतलेले दिसत नाही. याच पिठात थोडे ज्वारी-गव्हाचे पीठ मिसळून, हातावर वळून केलेल्या शेंगोळ्या तशाच रश्शात सोडल्या की वेगळेच जेवण होते. पण त्यांना वेळ लागतो, त्या रविवारच्या.

संयुक्त राष्ट्रांनी २०१६ हे वर्ष कडधान्यांचे म्हणून साजरे केले. त्यानंतर शहरांत हुलग्याचे पीठ पाकिटातून दिसू लागले. प्रथिने बावीस टक्क्यांच्या आसपास, लोह भरपूर, असे त्यावर छापलेले असते. घ्यावे, चांगलेच आहे. शिंगणापूरच्या आसपास मात्र मला हुलगा भेटला तो वेगळ्याच ठिकाणी. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की बीड, पाथर्डी, आष्टीकडून ऊसतोड कामगार कोयता घेऊन इकडे येतात आणि पाचटाच्या कोपी उभारतात. त्या कोपींनाही दारे नसतात, पण त्यांच्यावर बातम्या होत नाहीत. सोनईच्या बाजूला अशा एका तळावर संध्याकाळी तीन दगडांच्या चुलीवर माडगे शिजताना मी पाहिले. दिवसभर मोळ्या बांधून आलेली बाई एका हाताने पळी फिरवत होती, दुसऱ्या हाताने लेकराला धरून होती. पीठ इथेच घेतले का, असे मी विचारले. ती म्हणाली, "न्हाई बाबा, हितं कुठं मिळतंय? गावाकडून आणलंय, चार पायल्या. उसाच्या पट्टीवर पुरवायचंय." पातेले उतरवून तिने आधी नवऱ्याला हाक मारली, मग टायरगाडीच्या बैलांपुढे वाढे टाकायला गेलेल्या दिराला, आणि मलाही बसायला सांगितले.